माझ्या विरोधी पक्षनेत्यास

डॉक्टरकाका,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. मंदाकाकूंचा फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी होते. संदीप पाठीवर हात ठेवून काहीतरी समजुतीचं बोलत होता आणि मी त्याला म्हणाले, "पण त्यांनी मला अजून सांगायचं होतं." नवऱ्याला वाटलं, हिला धक्का बसलाय, म्हणून त्याने मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. धक्का बसलाच होता. पण वर्षभर एखाद्याला धारेवर धरायचं आणि निकालाच्या तोंडावर आपणच निघून जायचं, ही काय रीत झाली? तुम्ही दुसऱ्या कोणाला असं करू दिलं नसतंत.

हे मंडळाच्या अंकात छापायचं आहे आणि नवीन आलेल्या मंडळींना आपली पद्धत माहीत नाही, म्हणून जरा समजावून सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका.

तर ओहायोतल्या डब्लिनमधल्या आणि आसपासच्या घरांचं मिळून आपलं हे घरगुती मंडळ. अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची. अर्धी मुदत संपली की संक्रांतीच्या कार्यक्रमात अध्यक्षाने सगळ्यांना तिळगूळ वाटायचा आणि मग मुकाट्याने बाहेर पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीत बसायचं. आत सभासद त्याच्या पहिल्या वर्षाच्या कामाची चिरफाड करणार. बोलून झालं की त्याला आत बोलावणार आणि ठराव वाचून दाखवणार. ओहायोतला जानेवारी, बाहेर बर्फ, गाडीत हीटर लावून बसलेला अध्यक्ष आणि आत त्याची अब्रू. याला आपण मध्यावधी म्हणतो. ही पद्धत तुम्ही काढलीत. या देशात चार वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडतात आणि दोन वर्षं उलटली की घरोघर त्याचा हिशेब मांडायला बसतात, मग आपल्या अध्यक्षाने काय पुण्य केलंय, असं तुमचं म्हणणं. सुरुवातीला अध्यक्षाला बाहेरच्या पॅसेजमध्ये उभं करायचे म्हणे. पण एक अध्यक्ष दाराला कान लावून उभा असलेला सापडला आणि तेव्हापासून त्याची रवानगी गाडीत झाली. तो अध्यक्ष कोण होता ते मी इथे लिहीत नाही. तुमच्या बायकोने, मंदाकाकूंनीच, मला सांगितलंय.

तुम्ही जन्मभर भूल देण्याचं काम केलंत. निवृत्त झाल्यावर मात्र मंडळाच्या एकाही सभेत कोणाला डुलकी घेऊ दिली नाहीत. व्हाइट हाउसमध्ये नवा माणूस आला आणि त्याची दोन वर्षं भरली की तुमच्या घरी जेवण असायचं. त्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं शेजारीशेजारी बसवायचात आणि वर सांगायचात की टीव्हीवरचं काही इथे बोलायचं नाही. तुमचे प्रश्न दोनच. जेवण सगळ्यांना पुरलं का, आणि शेवटी खुर्च्या कोणी उचलल्या? कोणी परराष्ट्र धोरण काढलं की तुम्ही म्हणायचात, ते राहू दे, खुर्च्यांचं सांग. या मापाने आजवर एकही राष्ट्राध्यक्ष तुमच्याकडे काठावर पास होण्याच्या पुढे गेला नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच नाराज व्हायची, त्यामुळे जेवण शांततेत पार पडायचं. मी त्या टेबलावर बसून पोट धरून हसलेय. तेव्हा मला काय माहीत की एक दिवस हेच माप मला लागणार आहे.

माझी निवडणूक आठवते ना? कोणीच उभं राहायला तयार नव्हतं. मी आत बटाट्याची भाजी गरम करत होते आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. तुम्ही लगेच उठलात. अश्विनी नको, म्हणालात. ती इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, ती आपल्या सगळ्यांची स्प्रेडशीट करेल. मी हातातला डाव घेऊन बाहेर आले तोवर मी प्रचंड बहुमताने निवडून आले होते. घरी येताना मी संदीपला म्हटलं, बघ, लोकांना बदल हवाय.

मग मी बदल करत सुटले. प्रत्येक कार्यक्रमाला बायकांनी घरून पातेली भरून आणायची, ती पद्धत बंद करून केटरिंग आणावं असा ठराव मी मांडला. तुम्ही विरोध केलात. आपल्या मंडळाचा आत्माच पातेल्यात आहे, असं काहीसं बोललात. ठराव दणक्यात मंजूर झाला. दिवाळी रविवारऐवजी शनिवारी ठेवूया म्हटलं, तुम्ही विरोध केलात, मंजूर. मुलांना कार्यक्रमाचं निवेदन इंग्रजीत करू द्यावं म्हटलं, तेव्हा तर तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि बराच वेळ बोललात. तेही मंजूर झालं. माझी समजूत अशी की मी फार मुत्सद्दी आहे. डॉक्टरांसारख्या माणसाला दर सभेत चारी मुंड्या चीत करणारी अध्यक्ष या मंडळाने पाहिली नव्हती. ऑफिसात मी आडून आडून ही गोष्ट सांगायचे.

आणि मग गणपती आला. म्हणजे आला नाही, तोच तर प्रश्न होता.

आपली पितळेची मूर्ती इतकी वर्षं तुमच्या बेसमेंटमध्ये असायची. सगळा भार एकाच घरावर नको म्हणून मी ती पाटणकरांकडे हलवली. तुमचा अर्थात विरोध. गणपतीच्या तयारीची मी जी स्प्रेडशीट केली तिच्यात केळीचे खांब होते, एक्स्टेन्शन कॉर्ड होती, चपला ठेवायच्या टोपल्या होत्या. मूर्ती आणणे हे काम त्यात नव्हतं, कारण ते कधी कोणाला काम वाटलंच नव्हतं. तुम्ही यायचात तेव्हा गणपती तुमच्याबरोबर यायचा. त्या दिवशी हॉल भरला, मखर सजलं, ढोल लागले, नऊवारीतल्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या. तुम्ही हळूच माझ्याजवळ आलात. आवाज अजिबात चढवला नाहीत.

"पोरी, बाकी सगळं मस्त झालंय. फक्त गणपती काहून दिसत नाही?"

पाटणकर मुलीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेले होते आणि मूर्ती इथे त्यांच्या बंद घरात होती. फोन लावला तर पाटणकर हॉस्पिटलात. म्हणाले, गॅरेजचा कोड म्हणजे मुलीची जन्मतारीख. त्यांनी सांगितलेली तारीख चुकीची निघाली. मग त्यांच्या बायकोने दुसरी सांगितली, तीही लागेना. शेवटी त्या मुलीनेच, दोन कळांच्या मधल्या वेळात, आईवडिलांवर वैतागून आपली खरी जन्मतारीख सांगितली आणि इकडे गॅरेज उघडलं. तोवर मुलं भुकेने रडायला लागली होती, म्हणून जेवणं उरकून घेतली. गणपती पोचला तेव्हा लोक हात धुऊन बडीशेप खात होते. आरती मसालेभाताच्या ढेकरांवर झाली. तुमचं जेवण पुरलं का हे माप मी पार केलं होतं, पण ज्याच्या नावाने जेवण होतं तोच नव्हता.

त्यानंतर मला आलेल्या ईमेल मी अजून पुसलेल्या नाहीत. पुढच्या सभेत मी राजीनामा दिला. भाषण चांगलं झालं होतं. खरं सांगायचं तर कोणीतरी उठून नको नको म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. सगळ्यांत आधी तुम्ही उठलात आणि मला वाटलं, चला, निदान आज तरी.

"अश्विनीने राजीनामा दिला हे योग्य केलं," तुम्ही म्हणालात. "तो आत्ताच्या आत्ता स्वीकारा. हे काम तिला झेपणारं नव्हतं."

सभा उसळली. ज्या माणसाने मला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जळजळीत ईमेल लिहिली होती तोच उठून तुम्हाला म्हणाला की आमच्या अध्यक्षांबद्दल असं बोलायचं काम नाही. ज्या बाईंनी गणपतीनंतर माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. राजीनामा फेटाळला गेला. फेटाळू नये म्हणणारे तुम्ही एकटेच होतात. संदीप गाडीत म्हणाला, जिंकलीस की. मी सीटबेल्ट लावला. सगळी सभा माझ्या बाजूने होती आणि मला ऐकू येत होतं ते एवढंच, की हे तिला झेपणारं नव्हतं.

कारण तुमच्या मताला माझ्याकडे किंमत होती, काका. तुम्हीच मला बर्फात गाडी चालवायला शिकवलंत. मी इथे नवीन होते, संदीप दिवसभर ऑफिसात, आणि तुम्ही मला रविवारी एका रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन सांगितलंत की आता जोरात ब्रेक मार. मी मारला आणि गाडी गरकन फिरली. मी किंचाळले. तुम्ही शांतपणे म्हणालात की पुन्हा मार. अशा चार चकरा घसरल्यावर मला हसू यायला लागलं आणि मग तुम्ही स्टिअरिंग कसं धरायचं ते सांगितलंत. बाजूला मंदाकाकू थर्मासमधला चहा घेऊन उभ्या होत्या आणि तुमच्या नावाने ओरडत होत्या. या देशात मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं ते त्या पार्किंगमध्ये.

त्या सभेनंतर मी तुमच्याकडे येणं कमी केलं. कामापुरतं बोलायचे. तुम्हाला ते कळत होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत. मग तुमचं दुखणं निघालं आणि मी हॉस्पिटलात आले. मी आल्याआल्या तुम्ही विचारलंत की मध्यावधीची तयारी झाली का, यंदा मी तुला सोडणार नाही. मी म्हटलं, तुमचं मत तुम्ही मागेच दिलंय, आता नवीन काय सांगणार? त्यावर तुम्ही इतके हसलात की डोक्यामागचं यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीवरून उठलेच. तुम्ही तिला सांगितलंत की हा आवाज महत्त्वाचा नाही, याच्याशेजारचा वाजला तर ये. ती गेल्यावर मी सरळ विचारलं, मला खरंच झेपत नाही का? तुम्ही म्हणालात, "मुदत संपल्यावर सांगतो." मला वाटलं, माझी मुदत.

तर परवा संक्रांत झाली. मी तिळगूळ वाटला, कोट चढवला आणि गाडीत जाऊन बसले. आत तुम्ही नाहीत, म्हणजे खरं बोलणारं कोणीच नाही, हे मला माहीत होतं. हीटर लावून बसले तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मंदाकाकू. म्हणाल्या, आत सगळे माझ्याकडे एकाच चेहऱ्याने बघतात, मला कंटाळा आला, इथे बसू का? त्या शेजारी बसल्या. थोडा वेळ आम्ही काच पुसत बसलो. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की काका असते तर आत्ता आत माझी साल काढत असते.

काकू म्हणाल्या, "ते तुझ्या बाजूने बोलले असते तर तू तेव्हाच घरी गेली असतीस."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी भाजी कशी केली ते सांगावं इतक्या सहज. तुम्ही तीनदा अध्यक्ष होतात, मिठापासून माइकपर्यंत सगळं तुम्ही ठरवायचात, आणि लोक त्याला इतके वैतागले होते की तुम्ही हो म्हटलं की ते नाही म्हणायचे. हे तुमच्या लक्षात यायला काही वर्षं लागली. एकदा आल्यावर मात्र तुम्ही त्याचा चांगला उपयोग केलात. जे व्हायला हवं असेल त्याच्या विरुद्ध उठून बोलायचं. तुम्ही म्हणे सभेच्या आधी आरशासमोर उभं राहून विरोधाचं भाषण म्हणून बघायचात आणि काकूंना विचारायचात, पुरेसा आगाऊ वाटतोय ना?

मी विचारलं, माझी निवडणूक? काकू म्हणाल्या, त्यांनीच तर केलं तुला. केटरिंग? काकूंनी हात जोडले, म्हणाल्या, पातेली कोण घासत होतं आमच्या घरी? दिवाळीचा शनिवार? हो, तोही. मूर्ती पाटणकरांकडे हलवणं? बेसमेंटच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या गं त्यांना. माझ्या कारकिर्दीतला एकेक विजय माझ्या डोळ्यांदेखत गळून पडत होता.

"आणि राजीनामा?" मी विचारलं.

"त्या दिवशी सकाळपासून गप्प होते," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, आज त्या पोरीला ठेवायचं असेल तर तिच्याविरुद्ध बोलावं लागेल. तिला फार लागेल. पण राहील."

मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाल्या की तुझ्या पोटात काही राहत नाही, तू पुढच्याच सभेत हसून घोटाळा केला असतास, असं त्यांचं म्हणणं. हे मात्र खरं आहे. मी रडायला लागले. काकूही रडल्या, मग आम्ही दोघी हसायला लागलो, आणि काचा इतक्या धुरकटल्या की बाहेरून जाणाऱ्या एका माणसाने वाकून आत सगळं ठीक आहे ना ते बघितलं.

काका, मी तुमची फार ऋणी आहे आणि मला तुमचा फार राग आला आहे. हे काय वागणं झालं? मला वाटलं होतं मी तुम्हाला हरवतेय. वर्षभर मान ताठ करून फिरले. तुम्ही समोरच्या रांगेत बसून पडलेला चेहरा करायचात, तोही खोटा? माझ्या पहिल्या वर्षात मग माझं असं काय उरलं?

हे मी काकूंना बोलून दाखवलं. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "इंग्रजीचं मात्र खरं होतं. त्या दिवशी ते मनापासून बोलले. घरी येऊन जेवले नाहीत."

तुम्हाला सांगते, त्या गाडीत मला इतकं बरं वाटलं! तो एक ठराव मी खरोखर जिंकला. तुम्ही खोटा विरोध इतका केला होतात की खरा केला तेव्हा तुम्हाला कोणी वाचवू शकलं नाही. तो वाद आपला अजून संपलेला नाही, बरं का. तुम्ही म्हणालात की पोरं माइकवर इंग्रजी बोलायला लागली की मंडळात मराठी फक्त जेवणात उरेल. मी म्हणाले, पोरं आलीच नाहीत तर मंडळात फक्त गुडघेदुखी उरेल. त्यावर तुम्ही म्हणालात, मग जेवणातही पिझ्झा ठेव. मी मुलांसाठी ठेवला आणि त्यातले दोन तुकडे तुम्ही उभ्याउभ्या खाल्लेत, मी पाहिलंय. दिवाळीत तुमच्याच नातीने सगळं निवेदन इंग्रजीत केलं आणि शेवटी तुमच्याकडे बघून फक्त 'धन्यवाद आजोबा' म्हणाली. तुम्ही नाक शिंकरत होतात. ते माझ्या बाजूचं मत होतं की तुमच्या, हे आपण ठरवायचं राहून गेलं. मला अजूनही वाटतं माझं बरोबर आहे. पण रोज तेवढं खात्रीने वाटत नाही. तुम्ही समोर असलात की जास्त खात्री वाटायची.

आपला सेक्रेटरी हर्षद बोलवायला आला. आम्ही डोळे पुसून आत गेलो. एवढ्या लवकर कोणत्याच अध्यक्षाला आत बोलावलं नव्हतं. कोणी काही बोललंच नसावं. आपण सगळे तुमच्यामुळे हळवे झालेलो, त्यामुळे गणपतीचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. हर्षदने ठराव वाचला की अध्यक्षांचं पहिल्या वर्षाचं काम समाधानकारक आहे आणि त्यांनी मुदत पूर्ण करावी. नियमाप्रमाणे मतं विचारायची ती अध्यक्षानेच. मी बाजूने कोण ते विचारलं आणि सगळा हॉल हात वर करून बसला. मग मी विचारलं, विरोधात कोणी?

कोणी नाही. कोणी खोकललंसुद्धा नाही. सगळे प्रेमाने माझ्याकडे बघत होते आणि मला ते बघणं सहन होईना. आपल्या मंडळात असं कधी झालं नव्हतं. साधा चहा कधी ठेवायचा यावरसुद्धा कोणीतरी उठायचं. मी थांबले. हर्षद मला खूण करायला लागला की मंजूर म्हणा.

मी माझाच हात वर केला.

थोडी कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं की दमलीय बिचारी. पुढच्या रांगेत मंदाकाकूंनी तोंडाला पदर लावला, त्या हसत होत्या. हर्षद लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, मिनिट्समध्ये काय लिहू? अध्यक्षांचा स्वतःलाच विरोध, असं?"

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टरकाकांचा लिही."